दुसऱ्याच्या कृतीचे ओझे : टिळकचरित्रातील तीन खटले

भिलाईच्या सेक्टरांतून भाद्रपदात गणपतीचे मंडप उभे राहतात. पोलादाच्या कारखान्याने देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे ओढून आणली. त्यामुळे मंडपात हात जोडून उभा असलेला गृहस्थ छत्तीसगढी, बंगाली वा तेलुगू भाषक असू शकतो, आणि या उत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात पुण्याच्या एका संपादकाचा मोठा वाटा होता हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. या उत्सवाची नोंद एके काळी गुन्ह्यांच्या दप्तरात झाली होती, हे तर मराठी माणसांपैकीही थोड्यांना माहीत असते. १९१८ साली न्यायमूर्ती रौलट यांच्या अध्यक्षतेखालील राजद्रोह समितीने हिंदुस्थानातील क्रांतिकारी कटांचा वृत्तांत सिद्ध केला, तेव्हा त्याचा प्रारंभ तिने बाँब वा पिस्तुलापासून केला नाही; पुण्याचा गणेशोत्सव आणि शिवाजी-उत्सव यांपासून केला. कोणी एकाने गोळी झाडावी आणि तिचा माग काढीत राज्यकर्त्यांनी मंडप, मेळे, व्याख्याने व वृत्तपत्राचे स्तंभ येथवर येऊन पोहोचावे, हा क्रम लोकमान्य टिळकांच्या आयुष्यात पुनःपुन्हा घडला. टिळकांची चरित्रे विपुल आहेत. येथे त्यांच्या आयुष्याचा एवढाच एक धागा हाती घेतला आहे.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. वडील शिक्षणखात्यात होते. गणित आणि संस्कृत यांचे संस्कार घरातच झाले. डेक्कन कॉलेजातून पदवी, १८७९ मध्ये कायद्याची परीक्षा, १८८० च्या जानेवारीत चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा', पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटी व फर्ग्युसन कॉलेज, आणि १८९० मध्ये त्या संस्थेचा राजीनामा, हा तपशील सर्वांना परिचित आहे. त्यातील एक प्रसंग मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो अशा समजुतीने 'केसरी' व 'मराठा' यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. ज्या पत्रांच्या आधारे ती केली ती बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. दुसऱ्याने केलेल्या लबाडीचे ओझे स्वतःच्या खांद्यावर येण्याचा टिळकांचा हा पहिला अनुभव. त्या वेळी त्यांनी चूक मान्य केली होती, हे लक्षात ठेवावे. कारण पुढे ज्या वेळी दिलगिरीने सुटका होण्याचा संभव होता त्या वेळी त्यांनी ती नाकारली.

१८९३-९४ पासून गणेशोत्सवाला आणि १८९५-९६ पासून शिवाजी-उत्सवाला त्यांनी जे चळवळीचे रूप दिले, त्याचा गौरव आपण नेहमी करतो. परंतु १८९३ च्या मुंबईतील दंगलीची पार्श्वभूमी त्या गणेशोत्सवाला होती आणि प्रारंभीच्या काही मेळ्यांच्या पदांतून मुसलमानांविषयी कडवटपणा उघड व्यक्त झाला होता. मेळ्यातील पोरांनी म्हटलेल्या पदाला टिळक किती जबाबदार, हा प्रश्न त्या वेळी सरकारने आपल्या स्वार्थासाठी विचारला. आपण तो निःस्वार्थपणे विचारायला हवा होता. तो आपण फारसा विचारला नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

खरा पेच आला तो १८९७ मध्ये. आदल्या वर्षी मुंबईत शिरलेला प्लेग पुण्यास आला. सरकारने डब्ल्यू. सी. रँड या मुलकी अधिकाऱ्याच्या हाती समिती सोपवली आणि मार्च ते मे या काळात गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरांतून रोग्यांचा शोध घेऊ लागल्या. टिळकांची या काळातील भूमिका एकसुरी नव्हती. शहर सोडून जाणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांनी दोष दिला, स्वतः पुण्यात राहिले, हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उघडण्यात भाग घेतला आणि रोगनिवारणाचे उपाय आवश्यक आहेत हेही सांगितले. पण सोजीर देवघरात शिरतात, सामान रस्त्यावर फेकतात, स्त्रियांची तपासणी उघड्यावर करतात अशा तक्रारी वाढल्या तसा 'केसरी'चा सूर चढत गेला. या तक्रारींना अधिकाऱ्यांकडून जे उत्तर मिळाले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एखाददुसऱ्या शिपायाकडून आगळीक झाली असेल, ती सिद्ध करा, चौकशी होईल. त्यावरून समितीला वा लष्कराला दोष देता येणार नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. इंग्लंडात असलेल्या गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर स्त्रियांवरील अत्याचारांचा जाहीर उल्लेख केला; परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि त्या माफीबद्दल स्वकीयांचे शिव्याशापही सोसले. गोखल्यांचा पुरावा टिकला नाही, पण म्हणून लोकांनी सोसलेला जाच खोटा ठरत नाही. एवढे मात्र झाले, की शिपायांच्या कृत्यांचे उत्तरदायित्व शिपायांपाशीच थांबले.

१२ जूनपासून पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. त्यात अफजलखानाच्या वधाचे नैतिक समर्थन करता येईल काय, यावर भाषणे झाली. स्वार्थाची बुद्धी नसलेल्या, लोकहितासाठी कृती करणाऱ्या थोर पुरुषाला सामान्य नीतिनियमांची मापे लावता येत नाहीत, अशा आशयाचे विवेचन टिळकांनी गीतेच्या आधारे केले. १५ जूनच्या 'केसरी'त उत्सवाचा वृत्तान्त आला आणि शिवाजी महाराज आजची देशस्थिती पाहून बोलत आहेत अशी कल्पना करणारी एक कविताही छापली गेली. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गव्हर्नरच्या बंगल्यातून परतणाऱ्या रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यात गोळी झाडली गेली. मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला.

सात दिवसांचे हे अंतर टिळकांच्या आयुष्याला कायमचे चिकटले. अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनी ओरड केली, पुण्यावर जादा पोलीस बसवले गेले, नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली विनाचौकशी अटकेत ठेवण्यात आले. टिळकांनी जुलैत लिहिलेल्या अग्रलेखांत सरकारचे भान सुटले आहे असे बजावले. खुनाचे समर्थन त्यांनी केले नाही, पण खुनाच्या निषेधात सूर मिळवून आपली सुटका करून घेण्याचेही त्यांनी टाळले. २७ जुलै रोजी त्यांना मुंबईत अटक झाली. आरोप खुनाचा नव्हता, खुनाला मदत केल्याचाही नव्हता. तो राजद्रोहाचा होता, आणि त्याला आधार होता तो त्या जूनच्या अंकातील वृत्तान्ताचा व कवितेचा. सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. राजद्रोहाच्या कलमातील अप्रीती या संज्ञेचा अर्थ न्यायमूर्तींनी प्रीतीचा अभाव असा केला. म्हणजे राज्यावर प्रेम नसणे एवढाच गुन्हा ठरला. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी होते, निकालही सहा विरुद्ध तीन असाच लागला, आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. दिलगिरी प्रदर्शित केल्यास प्रकरण मिटेल असे सुचवणाऱ्या मित्रांना टिळकांनी आधीच नकार कळवला होता.

येथे सरकारची दोन मापे समोरासमोर येतात. शिपायाने घरात घुसून काय केले याला रँड जबाबदार नाही, कारण ती त्या शिपायाची वैयक्तिक कृती. पण अज्ञात मारेकऱ्याने काय केले याला संपादक जबाबदार, कारण ते त्या चळवळीचे फळ. वस्तुतः रँड हा त्या शिपायांचा प्रमुख होता, त्यांना आज्ञा देण्याचा आणि शिक्षा करण्याचा अधिकार समितीच्या हाती होता. मारेकऱ्यावर टिळकांचा असा कोणताही अधिकार नव्हता. तो कोण हे खटल्याच्या वेळी सरकारलाही ठाऊक नव्हते. ज्याच्या हाती आज्ञा तो मुक्त आणि ज्याच्या हाती केवळ शब्द तो बद्ध, हा न्याय उलटा होता.

मारेकरी सापडले ते टिळक तुरुंगात गेल्यावर. दामोदर चाफेकर हा चिंचवडच्या एका कीर्तनकाराचा मुलगा. त्याला सैन्यात शिरायचे होते, ते जमले नाही, तेव्हा त्याने भावांसह तरुणांचा एक व्यायामी मेळावा उभा केला. मुंबईतील राणीच्या पुतळ्याला डांबर फासणारा तोच. तुरुंगात त्याने लिहिलेले आत्मवृत्त उपलब्ध आहे आणि ते वाचणाऱ्याची पहिली भावना अस्वस्थतेची असते. सभा, ठराव, काँग्रेस या सर्वांविषयी त्याला तिटकारा होता. सुधारक आणि धर्म सोडलेली माणसे यांना मारहाण केल्याचे तो अभिमानाने सांगतो; टिळकही त्याच्या मापाने पुरेसे सनातनी ठरत नाहीत. त्याच्या हाती पिस्तूल टिळकांनी दिले असे त्यातून निघत नाही. मात्र हा मनुष्य उत्सवांच्या त्याच हवेत वाढला, शिवाजी-उत्सवात त्यानेही श्लोक म्हटले, आणि जे त्याला हवे होते तेवढेच त्याने त्या हवेतून घेतले. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास त्याला फाशी झाली. टिळक तेव्हा त्याच तुरुंगात होते. त्यांनी त्याला अर्ज लिहिण्यास साहाय्य केले आणि आपली गीतेची प्रत दिली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. पुढे फितुरी करणाऱ्या द्रविड बंधूंचा खून झाला आणि १८९९ च्या मे महिन्यात वासुदेव व बाळकृष्ण चाफेकर आणि महादेव रानडे हे तिघे फासावर गेले. टिळक मुदतीपूर्वी, ६ सप्टेंबर १८९८ रोजी सुटले. सुटकेसाठी अर्ज करणाऱ्यांत माक्स म्युल्लर होते.

गीतेची ती प्रत देण्याची गोष्ट खरी मानली, तर तिचा अर्थ काय? टिळकांनी कृतीचा निषेध केला असेल वा नसेल, कर्त्याला त्यांनी वाऱ्यावर सोडले नाही. चळवळीच्या पुढाऱ्यांना येथे नेहमी दोन सोप्या वाटा असतात. तो आमचा नव्हेच असे म्हणून हात झटकणे ही एक; आणि संकट टळल्यावर तोच आमचा होता असे म्हणून त्याची तसबीर लावणे ही दुसरी. टिळकांनी स्वतः या दोन्ही वाटा घेतल्या नाहीत. त्यांच्या अनुयायांनी मात्र दोन्ही घेतल्या. न्यायालयात टिळकांचा काही संबंध नव्हता असे प्रतिपादन करणारा वर्ग पुढे आठवणींतून त्यांना सर्व ठाऊक होते असे कौतुकाने सांगू लागला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी पदरात पाडून घेता येत नाहीत.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या ठिकाणी दोस्तोयेवस्कीच्या 'भुते' या कादंबरीची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८६९ मध्ये नेचायेवच्या गटाने आपल्याच एका सोबत्याचा खून केला. त्या घटनेवर रचलेल्या या कादंबरीत दोस्तोयेवस्कीने खुनी तरुणांना उदारमतवादी वडील पिढीचे अपत्य म्हणून दाखवले. गोड बोलणाऱ्या बापाच्या शब्दांचे मुलगा शस्त्र करतो, हा त्याचा आरोप. रवींद्रनाथांनी १८९७ मध्ये टिळकांच्या बचावासाठी निधी जमवण्यास हातभार लावला होता; तेच १९१६ च्या 'घरे-बाइरे'त प्रक्षोभक वक्त्याची कठोर झडती घेतात. मराठीत अशी झडती घेणारी कृती त्या काळात झाली नाही. आपल्याकडे झाले ते 'कीचकवध', टिळकांचे सहकारी कृ. प्र. खाडिलकर यांचे १९०७ चे नाटक, ज्याच्यावर १९१० मध्ये बंदी आली. ते प्रभावी नाटक आहे यात शंका नाही; पण भीमाचा हात शिवशिवतो त्या वेळी धर्मराजाच्या मनात काय चालते, याकडे आपल्या रंगभूमीने फारसे वळून पाहिले नाही.

दुसरा खटला १९०८ चा. ३० एप्रिलला मुझफ्फरपूर येथे खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्ड या न्यायाधीशासाठी टाकलेल्या बाँबने केनेडी नावाच्या मायलेकींचा बळी घेतला. 'केसरी'ने मे-जूनमध्ये लेख लिहिले. त्यांत बाँबचा गौरव नव्हता. घटना दुर्दैवी मानूनही तिचे मूळ राज्यकर्त्यांच्या हट्टी दडपशाहीत आहे आणि नवे कायदे हा त्यावर टिकाऊ इलाज नव्हे, असा युक्तिवाद होता. २४ जूनला टिळकांना पकडले. झडतीत स्फोटकांवरील पुस्तकांची नावे टिपलेले एक कार्ड सापडले. स्फोटक पदार्थांच्या नव्या कायद्यावर लिहिण्यासाठी ते टिपण केले होते, असा टिळकांचा खुलासा होता. न्यायमूर्ती दावर हे १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील. आता ते न्यायासनावर होते. टिळकांनी स्वतःच बचावाचे भाषण केले, ते एकवीस तासांहून अधिक चालले. सात युरोपीय ज्यूरर विरुद्ध, दोन पारशी ज्यूरर अनुकूल. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

१९०८ च्या या युक्तिवादाकडे टिळकांच्या चाहत्यांनी बारकाईने पाहावे. एका तरुणाने फेकलेल्या बाँबचे कारण त्या तरुणापुरते नाही, ते अवतीभवतीच्या परिस्थितीत आहे, ती परिस्थिती राज्यकर्त्यांनी निर्माण केली आहे, हे टिळकांचे म्हणणे. ते मला ग्राह्य वाटते. पण कारणांची साखळी एकदा कर्त्याच्या पलीकडे नेली, की ती केवळ सरकारच्या दाराशी नेऊन बांधता येत नाही. परिस्थिती जशी दडपशाहीने घडते तशी ती अग्रलेखांनीही घडते. अग्रलेखांत सामर्थ्य नसते तर टिळकांनी ते लिहिलेच नसते. सरकार शब्दांना सर्व दोष देत होते आणि स्वतःच्या कृत्यांना काहीच नाही. टिळक न्यायालयात याच्या नेमके उलट मांडत होते. आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलताना हे स्वाभाविक होते. आपण पिंजऱ्यात नाही.

निकालानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवसांचा संप केला. दगडफेक झाली, लष्कराने गोळीबार केला, माणसे मेली. टिळक तोवर साबरमतीच्या तुरुंगात पोहोचले होते. कामगारांनी फेकलेल्या दगडांचा जमाखर्चही त्यांच्याच नावावर मांडला गेला.

कामगार, दगड आणि गोळीबार हे शब्द भिलाईत बसून लिहिताना ग्रांथिक राहत नाहीत. छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे नेते शंकर गुहा नियोगी यांचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी याच गावात झोपेत असताना गोळी घालून खून झाला. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या त्यांच्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. नियोगींच्या हयातीत कुठे काच फुटली तरी संघटनेचे नाव घेतले जाई. त्यांच्या खुनाच्या खटल्यात मात्र, खालच्या न्यायालयाने काही उद्योजकांनाही दोषी ठरवले असता, उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ गोळी झाडणाऱ्याचा दोष कायम केला. हात आणि त्या हातामागचे डोके यांतला दुवा कडीमागून कडी सिद्ध झाला पाहिजे, हे कायद्याचे माप योग्यच आहे, ते मनाचे समाधान करीत नसले तरीही. टिळकांना १८९७ मध्ये हे माप मिळाले नव्हते.

मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले. कर्माची योग्यता बाह्य परिणामावरून न ठरवता कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी, हा त्या ग्रंथाचा एक प्रमुख सिद्धांत. अफजलखानावरील भाषणातील विचाराचाच तो प्रगल्भ विस्तार होय. या सिद्धांतात एक जागा मोकळी राहते असे मला वाटते. वक्ता आपल्या बुद्धीच्या निष्कामतेची ग्वाही देऊ शकतो, श्रोत्याच्या बुद्धीची नाही. स्थितप्रज्ञासाठी सांगितलेली मुभा चिंचवडचा एखादा रागावलेला तरुण स्वतःला लावून घेतो, तेव्हा काय करायचे, याचे उत्तर त्या भव्य ग्रंथात शोधूनही समाधानकारक मिळत नाही.

टिळक मंडालेत असतानाच २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनचा खून झाला. तुरुंगाच्या भिंती आणि समुद्र मध्ये असूनही 'टाइम्स'चे प्रतिनिधी व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० च्या आपल्या पुस्तकात रँड आणि जॅक्सन या दोन्ही खुनांची पाळेमुळे टिळकांच्या चळवळीत दाखवली. १९१४ च्या जूनमध्ये सुटल्यावर टिळकांनी ऑगस्टमध्ये एक निवेदन प्रसिद्ध करून हिंसक कृत्यांचा स्पष्ट निषेध केला. अशा कृत्यांनी राजकीय प्रगती लांबणीवरच पडते, असे त्यांनी म्हटले. हा निषेध महायुद्धाच्या तोंडावरचा आणि सावध होता. तो १८९७ मध्ये आला असता तर भीतीपोटी केलेला ठरला असता; १९१४ मध्ये आला तो थोडा उशिराच आला.

चिरोलवर त्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. हा तिसरा खटला, आणि यात फिर्यादी टिळक. त्यासाठी १९१८ च्या दिल्ली काँग्रेसचे अध्यक्षपद सोडून ते विलायतेस गेले. १९१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत लंडनमध्ये सुनावणी झाली. चिरोलतर्फे उलटतपासणीस उभे राहिले सर एडवर्ड कार्सन. याच कार्सन यांनी १९१२ ते १९१४ या काळात आयर्लंडच्या स्वराज्याविरुद्ध अल्स्टरमध्ये स्वयंसेवकांची फौज उभी केली होती. तिच्यासाठी हजारो बंदुका चोरून आणल्या गेल्या होत्या. वक्तृत्वातून हिंसा कशी निपजते याची चौकशी त्यांनी टिळकांकडे करावी, या विनोदाची दखल ज्यूरीने घेतली नाही. निकाल टिळकांविरुद्ध गेला. दोन राजद्रोहाच्या शिक्षा भोगलेल्या माणसाला गमावण्याजोगी अब्रू ती कोणती, असाच एकंदर रोख होता. खर्चाचा प्रचंड बोजा लोकांनी वर्गणी करून उचलला. वर्षअखेरीस टिळक परतले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात त्यांचे निधन झाले.

त्याच दिवशी गांधींच्या असहकाराचा आरंभ झाला. दीड वर्षाने, ४ फेब्रुवारी १९२२ रोजी, चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवले आणि आतले पोलीस जळून मेले. आठवड्याभरात बारडोली येथे गांधींनी सामूहिक कायदेभंग थांबवला. सहकारी संतापले, कोठल्याशा खेड्यातील जमावाच्या कृत्यासाठी साऱ्या देशाने का थांबावे, असे त्यांना वाटले. १८ मार्चला अहमदाबादेस न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे राजद्रोहाचा खटला उभा राहिला तेव्हा गांधींनी गुन्हा कबूल केला आणि चौरीचौराच्या रक्तपातापासून आपल्याला अलग होता येणार नाही असे आपणहून सांगितले. न्यायाधीशांनी शिक्षा ठरवताना टिळकांच्या १९०८ च्या खटल्याचा दाखला घेतला आणि तेवढीच, सहा वर्षांची, शिक्षा दिली.